कमरेचा करदोटा, एमआरआय अन आजाराची चार नावं

बंगळुरूला मेंदूच्या स्कॅनचा अभ्यास चालतो त्या संस्थेत एमआरआयच्या खोलीबाहेर सगळ्यात जास्त वेळ गेला तो माझ्या करदोट्यात. अंगठी, घड्याळ, बेल्ट, पाकीट, मोबाईल सगळं आधीच डब्यात काढून ठेवलेलं, पँटीला झिप होती म्हणून ती बदलून दवाखान्याचा नाडीचा पायजमा दिलेला, पण कमरेला काळा करदोटा अन त्यात चांदीचा मणी अन एक तांब्याचा ताईत. हा ताईत २०१६ सालचा, मायनं बांधलेला, अन तेव्हापासून आंघोळीला पण काढलेला नाही. तिथल्या ज्या मॅडम अभ्यासाचं काम बघत होत्या त्या भालकीकडच्या, मराठी चांगली बोलायच्या, म्हणल्या दादा चांदी-तांब्याला चुंबक ओढत नाही पण धातू आत तापू शकतो अन ताईताच्या आत काय भरलंय ते तुम्हाला पण माहीत नाही अन मला पण नाही, तर काढावाच लागेल. मी मायला फोन लावला. ती क्षणभर काही बोलली नाही, मग म्हणली, "काढ. पर फेकू नको, गाठीसगट नीट ठेव, आला की नवा दोरा घालून बांधते."

आता मी तिथं कसा पोचलो ते सांगतो. लांबलचक आहे पण मधलं गाळलं तर काहीच कळणार नाही.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला, वय ३६, कृषी सेवा केंद्र चालवतो म्हणजे बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. माझ्या फायलीत चार डॉक्टरांचे चार कागद आहेत अन चारही कागदांवर आजाराचं नाव वेगळं आहे. २०१५ ला डिप्रेशन, २०१६ ला स्किझोफ्रेनिया म्हणजे नसलेले आवाज अन भ्रम, २०१९ ला बायपोलर म्हणजे मन कधी एकदम वर कधी एकदम खाली, अन २०१८ ला या दोन्हीच्या मधलं स्किझोअफेक्टिव्ह. गावानं दिलेलं पाचवं नाव "बाहेरचं", ते कागदावर नाही पण ताईत त्याचाच.

२०१४ अन २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं आमच्याकडं पाऊस झाला नाही. खरीप गेलं, रब्बीचं तर काही ठिकाणी पेरलंच नाही, दुकानाची सगळी उधारी अडकली अन वरून कंपनीचे लोक पैशाला बसलेले. दिवाळीनंतर मी आडवा झालो. झोप लई, तरी थकवा, जेवणाला चव नाही, गिऱ्हाईक आलं तर उठून पोतं दाखवायची ताकद नाही. बायकोनं दुकानाची किल्ली माझ्याकडून काढून घेतली अन भावाकडं दिली. का काढून घेतली ते खत-औषधाचं दुकान म्हणल्यावर आमच्याकडच्या कुणालाही सांगायची गरज नाही. आज मी तिला रोज मनातून हात जोडतो त्या किल्लीसाठी.

डॉक्टरनं डिप्रेशन सांगितलं अन गोळी चालू केली. लक्षणं बघितली तर डिप्रेशनच होतं, त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही, तो म्हणजे याच्या उलटं कधी झालंय का, म्हणजे झोप न लागता पण थकवा नाही, डोकं पळतंय, पैसा उधळला, असं काही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की कॉलेजला परभणीला खोली करून राहायचो तेव्हा एकदा पंधरा दिवस जवळजवळ झोपलोच नव्हतो अन मित्रांना वाटलं पोरगं अभ्यास करतंय. बायपोलरची सुरुवात कितीतरी लोकांमध्ये डिप्रेशननीच होते अन त्या टप्प्यावर दोन्ही आजार सारखेच दिसतात, अन बायपोलरवाल्याला नुसती डिप्रेशनची गोळी दिली, सोबत मूड धरून ठेवणारं औषध नसलं, तर काही जण उसळी मारून वर जातात. मी गेलो.

२०१६ चा एप्रिल म्हणजे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो महिना. सगळ्यांच्या तोंडी तीच जलदूत गाडी. मे लागला तसं माझ्या डोक्यात बसलं की पुढची गाडी सेलूला येणार अन ती आणायची जबाबदारी माझ्यावर आहे. दोन तास झोपायचो अन ताजा उठायचो. रेल्वेला पत्रं लिहिली. दुकानात पावसाच्या आशेनं सोयाबीनच्या बॅगा उधारीवर भरल्या अन येईल त्याला उधारीवरच दिल्या, लिहून पण ठेवलं नाही. मग आवाज यायला लागले, इंजिनाच्या भोंग्यासारखं सुरू व्हायचं अन त्यात माझं नाव. शेवटी एका रात्री हार घेऊन परभणी स्टेशनवर गाडीची वाट बघत उभा राहिलो, पोलिसांनी घरी फोन केला, तिथून दवाखाना.

आवाज ऐकू येतात, विचित्र गोष्ट पक्की खरी वाटते, कुणाचं ऐकत नाही, हे एवढं बघून दुसरा कागद झाला, स्किझोफ्रेनिया. इथंच सगळी गुंतागुंत आहे. आवाज ऐकू येणं ही एका आजाराची खूण नाही. स्किझोफ्रेनियात येतात, बायपोलरच्या मॅनियात म्हणजे मन वर उसळलेलं असतं तेव्हा येतात, खोल डिप्रेशनमध्ये पण येतात. १८९९ च्या सुमारास क्रेपेलिन नावाच्या जर्मन डॉक्टरनं आज ज्यांना स्किझोफ्रेनिया अन बायपोलर म्हणतात ते दोन आजार वेगळे करून मांडले, एक जो बहुतेक बिघडत जातो अन एक जो येतो अन जातो, म्हणजे त्यानं पण फरक केला तो आजार पुढं कसा चालतो त्यावरून. अन १९३३ मध्ये मधल्या लोकांसाठी स्किझोअफेक्टिव्ह हा शब्द आला, कारण दोन्हीत न बसणारे लोक होतेच.

पहिला एमआरआय त्याच वेळचा, तेव्हाच्या औरंगाबादला. रिपोर्ट नॉर्मल. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, तो शेजारच्या पोराकडून वाचून घेतला अन त्या दिवसापासून घरात एक वाक्य सुरू झालं, "मशीनमध्ये काहीच निघालं नाही." याचे दोन अर्थ निघाले. एक, पोराला काही नाही, काम करायला नको म्हणून. दुसरा, मशीनला दिसत नाही म्हणजे बाहेरचंच. मग देवरशी, अंगारा, अमावास्येचा नारळ अन हा ताईत. मी मायला कधी दोष देणार नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं की तो एमआरआय कायला काढला होता. तो आजाराचं नाव काढायला नव्हताच. एकदम वागणं बदललेल्या माणसाच्या डोक्यात गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, जंतुसंसर्ग, सूज, आपल्या देशात फीतकृमीच्या अळ्या पण मेंदूत जाऊन बसतात त्या आहेत का, हे बघायला असतो. त्याच्यासोबत थायरॉईड वगैरे रक्ताच्या तपासण्या. त्या अर्थानं नॉर्मल रिपोर्ट ही चांगली बातमी होती. पण "तुम्हाला जो आजार आहे तो या फोटोत दिसत नसतो" हे एक वाक्य कुणी अण्णांना बसवून सांगितलं असतं तर घरातली तीन वर्षं वाचली असती असं मला आजही मनापासून वाटतं.

पुढची दोन वर्षं इंजेक्शन अन गोळ्यांवर गेली. आवाज गेले पण अंग जड, लाळ गळायची, पुन्हा खाली गेलो, २०१८ ला तिसरा कागद झाला. बायको पोरीला घेऊन माहेरी जाऊन-येऊन. तेव्हाच कुणीतरी सांगितलं की मोठ्या शहरात एका ठिकाणी मेंदूचं मॅपिंग करतात, कंप्युटर सांगतो नेमका आजार कोणता. डोक्याला टोपी लावली, तारा लावल्या, अर्धा तास डोळे मिटून बसवलं अन मग रंगीत छापील कागद दिले, मेंदूचे गोल गोल फोटो, कुठं लाल कुठं निळं. बोट ठेवून सांगितलं की हे बघा इथं निळं आहे म्हणजे स्किझोफ्रेनियाचा पॅटर्न, तुमच्या डॉक्टरला हे दाखवा. १४ हजार घेतले. भावानं ते सोयाबीन विकून दिले होते. जागेचं नाव लिहीत नाही, पण हे लिहितोय कारण असे रंगीत कागद घेऊन फिरणारे लोक मी नंतर वेटिंगमध्ये कितीतरी बघितले. मला त्या दिवशी लई आनंद झाला होता हे खरं आहे. तीन वर्षं माझ्या आजाराला कुणी बोट लावून दाखवलं नव्हतं, त्या माणसानं दाखवलं. रंग बघितला की खरं वाटतं.

२०१९ ला ज्या डॉक्टरकडं गेलो त्यांनी तो रंगीत कागद बाजूला ठेवला, टाकून दिला नाही, पण बघितलापण नाही फारसा. मायला खुर्ची पुढं ओढायला लावली अन विचारायला लागले. "मावशी, हा जागायचा तेव्हा किती दिवस जागायचा? आवाज ऐकू यायचे तेव्हा झोपायचा का? झोप नीट लागली की आवाज राहायचे का जायचे? मधल्या काळात, चांगला असताना, कधी आवाजाचं बोलला का?" माय म्हणली, "ते मला तोंडानं नाही सांगता येणार साहेब, पर मी लिवून ठेवलंय."

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माय दुसरीपर्यंत शिकलेली. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ती दुधाचा हिशेब लिहिते हे माहीत होतं, सकाळी एक रेघ संध्याकाळी एक रेघ. त्याच चौकोनात, कोपऱ्यात, ज्या रात्री मी झोपलो नाही तिथं ती "जा" लिहायची, जागा होता म्हणून. दिवसभर पडून राहिलो तर "नि", निजून होता. अन आवाज आले, बडबड केली तर एक फुली.

डॉक्टर म्हणले सगळी वर्षं आणा. आता आमच्याकडं जुनं कालनिर्णय कुणी जपून ठेवतं का, महिना संपला की पान डब्याखाली जातं नाहीतर पुस्तकाला कव्हर. दोन दिवस आम्ही सगळं घर उलटं केलं. ज्वारीच्या कोठीमागं पाच पानं निघाली, देव्हाऱ्यात फळीवर अंथरलेली तीन, मे २०१६ चं पान पुतण्याच्या भूगोलाच्या वहीचं कव्हर झालं होतं ते सोडवलं, अन जून २०१६ तेलाच्या डब्याखाली, मधोमध तेलाचा गोल डाग पडून कागद पारदर्शक झालेला पण रेघा अन अक्षरं दिसत होती. काही पानं मिळालीच नाहीत. जी मिळाली ती बायकोनं इस्त्री करून सरळ केली अन क्रमानं लावली.

डॉक्टरनं ती टेबलावर पसरली अन एक वेगळा कागद घेऊन त्यावर वर-खाली रेघ काढत गेले. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. रेघ पूर्ण झाल्यावर मला पण दिसलं. फुल्या जिथं जिथं होत्या तिथं आधी पाच-सहा दिवस "जा जा जा" होतं. नुसती फुली, आजूबाजूला "जा" नाही अन "नि" नाही, अशी एकपण नव्हती. डॉक्टर म्हणले, आवाज मूड बिघडल्याशिवाय पण दोन आठवडे वा जास्त टिकून राहिले असते तर स्किझोअफेक्टिव्ह म्हणता आलं असतं. इथं आवाज मूडच्या पाठोपाठ येतात अन मूडसोबत जातात, म्हणजे हा बायपोलर, सायकोसिससह, म्हणजे आवाज-भ्रमासह. अन मग म्हणले, "आज हे माझं मत. अजून दोन वर्षांनी काही वेगळं दिसलं तर बदलीन." मला ते आवडलं. आधीच्या कुणी असं सांगितलं नव्हतं की नाव बदलू शकतं अन बदललं तर का बदललं.

लिथियम सुरू झालं, म्हणजे मूड धरून ठेवणारं औषध. त्याचा एक नियम आमच्या भागासाठी वेगळा लिहावा वाटतो. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देतात. अन मराठवाड्यातल्या मे महिन्यात, ४३ डिग्रीत शेतात घाम गाळून पाणी-मीठ कमी झालं, किंवा जुलाब-उलट्या लागल्या, तर पातळी वर चढते अन ते धोक्याचं असतं, हात थरथरतात, चालताना तोल जातो. अंगदुखीला मेडिकलवरून आणतो त्यातल्या काही पेनकिलरनी, आयब्रुफेन-डायक्लोफेनॅकसारख्या, पण वाढते. मी उन्हाळ्यात पाण्याची बाटली अन रक्ताची चिठ्ठी दोन्ही सांभाळतो. २०२० पासून एकदाही ॲडमिट झालो नाही.

मग बंगळुरू कायला? डॉक्टरनंच सांगितलं की तिथं अभ्यास चालू आहे, बायपोलर अन स्किझोफ्रेनिया यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये फरक करता येतो का बघतायत, तुमच्यासारखा दोन्ही नावं लागलेला माणूस गेला तर बरं, पण उपचाराला काही फायदा होणार नाही. मी लगेच हो म्हणलो. मला ती चार वर्षं दिसत होती. आमच्याच तालुक्यात आज कुठलं तरी पोरगं दुसऱ्या कागदावर अडकलेलं असेल, त्याच्या मायनं दुधाच्या चौकोनात काही लिहिलं नसेल तर त्याचं काय?

२०२३ च्या जानेवारीत मामाला घेऊन नांदेड-बंगळुरू गाडीनं गेलो, परभणीला बसलो की परळी, उदगीर, बीदर करत दुसऱ्या दिवशी पोचतो. आधी सही. चार पानांचा कागद, मॅडमनी ओळ न ओळ मराठीत सांगितली. यातून तुमचं निदान होणार नाही. रिपोर्ट मिळणार नाही, पण अचानक काही गंभीर दिसलं तर कळवू. मध्येच नको वाटलं तर सोडू शकता, तुमच्या उपचारावर परिणाम होणार नाही. शरीरात लोखंड आहे का, डोळ्यात वेल्डिंगचा कण गेलाय का, ऑपरेशनची प्लेट आहे का. मग करदोट्याचं वर सांगितलं ते.

मशीन ३ टेस्लाचं, टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप. कानात बोळे, वरून हेडफोन, डोक्याच्या दोन्ही बाजूला स्पंज दाबून बसवले अन चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखं बसतं ते बसवलं, त्याला छोटा आरसा, आरशात मागचा पडदा दिसतो. उजव्या हातात बटणं, डाव्या हातात रबरी चेंडू, घाबरलो तर दाबायचा. आत गेल्यावर मला खरंच भीती वाटली, बंद जागेची नाही, आवाजाची. पहिला आवाज सुरू झाला तो इंजिनासारखा, ठोकत ठोकत, अन मला परभणी स्टेशन आठवलं. छातीत धडधडलं. मी स्वतःला सांगितलं की हा बाहेरचा आवाज आहे, मामाला पण ऐकू येत असेल, यात माझं नाव नाही. अन खरंच नव्हतं. हे मी मॅडमना नंतर सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं.

पहिली पाच-सहा मिनिटं नुसता मेंदूचा आकार. मग एक असा की सगळं टेबल हादरतं, त्यात मेंदूच्या आतल्या तारांची जुळणी बघतात. मग पडद्यावर अधिकचं चिन्ह, दहा मिनिटं त्याच्याकडं बघत पडायचं, झोपायचं नाही, मुद्दाम काही विचार करायचा नाही. हे सगळ्यात अवघड. मग चेहरे, वर एक खाली दोन, रागावलेले, घाबरलेले, वरच्यासारखा खालचा कोणता त्याचं बटण दाबा. डोकं अर्धा मिलीमीटर हललं तरी चित्र बिघडतं म्हणे, मी गिळताना पण जपून गिळत होतो.

बाहेर आल्यावर चहा पिताना मी विचारलं, आता तरी कळेल का? मॅडमनी खरं सांगितलं. एक म्हणजे हे मशीन विचार बघत नाही, रक्त बघतं. मेंदूचा भाग कामाला लागला की तिथं ताजं रक्त जास्त येतं, रक्तातल्या लोहामुळं चुंबकाला तो फरक कळतो, हे ओगावा नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं १९९० मध्ये दाखवलं. अन रक्ताची ती लाट चार-सहा सेकंद उशिरा येते. म्हणजे आपण कामाची सावली मोजतो. दुसरं, फरक आहेत, पण ते घोळक्याचे आहेत. १९७६ मध्ये लंडनला १७ जुन्या स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचा सीटी स्कॅन काढला तेव्हा मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या, तिथून ही सगळी आशा सुरू झाली. नंतर हजारो लोकांचे एमआरआय जोडून बघितले तर स्मरणाचा जो भाग आहे, हिप्पोकॅम्पस, तो सरासरीनं स्किझोफ्रेनियात लहान, बायपोलरमध्ये लहान अन डिप्रेशनमध्ये पण लहान. सगळीकडं तीच दिशा, कमी-जास्त. २०१५ मध्ये १९३ अभ्यास, जवळपास १६ हजार लोक एकत्र करून बघितले, सहा वेगवेगळे आजार, तर मेंदूचे तेच दोन-तीन भाग सगळ्यांत सरासरीनं आकारानं कमी निघाले. म्हणजे लक्षणं जशी एकात एक मिसळतात तसे स्कॅन पण मिसळतात.

मी त्यांना माझ्या दुकानाचं सांगितलं. शेतकरी व्हॉट्सॲपवर सोयाबीनच्या पिवळ्या पानाचा फोटो टाकतो, औषध सांगा म्हणतो. पिवळं पान लोहाच्या कमतरतेनं होतं, तेव्हा शिरा हिरव्या राहतात अन मधलं पिवळं पडतं. पिवळा मोझॅक असला तरी पिवळं, तो पांढरी माशी पसरवते. पाणी साचलं तरी पिवळं. चांगला फोटो असला तर थोडं कळतं पण मी तरी विचारतोच, कधीपासून, आधी कुठल्या कोपऱ्यात दिसलं, पसरतंय का एकाच पट्ट्यात आहे, पाऊस कधी झाला, काय फवारलं. अन दोन वावरांत सरासरी ज्वारीची उंची वेगळी असली म्हणून एक ताट उपटून आणलं तर ते कुठल्या वावरातलं हे कुणी सांगू शकत नाही. मॅडम म्हणल्या, दादा हे मी माझ्या सरांना सांगणार आहे.

मग त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला अजून रात्री आठवते. २०११ मध्ये जगभरातल्या टीमना मुलांचे मेंदूचे स्कॅन देऊन एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा अन अतिचंचलपणाचा त्रास, कुणाला आहे ते ओळखा अशी स्पर्धा झाली. अचूकतेत सगळ्यात वर आली कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठाची टीम, ६२.५ टक्के, अन त्यांनी स्कॅन वापरलेच नव्हते, फक्त मुलाचं वय, मुलगा का मुलगी, डावरा का उजवा, बुद्ध्यांक एवढंच. अन २०२० मध्ये एकाच अभ्यासातल्या स्कॅनचा सगळा डेटा ७० टीमना दिला, तेच नऊ प्रश्न, तर उत्तरं जुळेनात, कारण प्रत्येकाची मोजायची पद्धत थोडी वेगळी. त्याशिवाय औषधांचा गोंधळ आहेच, लिथियम घेणाऱ्याच्या मेंदूत करडा भाग वाढलेला दिसतो असं काही अभ्यासांत आलंय, मग स्कॅनमध्ये आजार दिसतोय का माझी गोळी दिसतेय हे वेगळं करावं लागतं. २०२२ मध्ये तर मोजून दाखवलं की मेंदूचं स्कॅन अन माणसाचं वागणं-लक्षणं यांच्यातले बारीक संबंध खात्रीनं पकडायला हजारो माणसं लागतात, शंभर-दोनशे नाही.

हे सगळं ऐकून मामाचा चेहरा उतरला, एवढ्या लांब कायला आलो म्हणून. माझा नाही उतरला. मी म्हणलो, हजारो लागतात ना, मग एक मी धरा.

अन त्यांनी आशेचं पण सांगितलं, उगाच गोड नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये एका मोठ्या गटानं नावं बाजूलाच ठेवली. स्किझोफ्रेनिया, स्किझोअफेक्टिव्ह, सायकोसिसवाले बायपोलर असे सगळे एकत्र घेतले अन मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, लक्ष अन स्मरणाच्या चाचण्या यांवरून गट पाडले. तीन गट पडले, अन प्रत्येक गटात तिन्ही नावांचे लोक होते. म्हणजे कदाचित स्कॅन आपल्या नावांत फरक करू शकत नाही याचं कारण नावंच वाटते तितकी वेगळी नाहीत. माझ्या चार कागदांकडं मी तेव्हापासून जरा वेगळं बघतो. पूर्वी वाटायचं तीन जण चुकले अन एक बरोबर निघाला. आता वाटतं ते चौघं एकाच वावराच्या वेगवेगळ्या बांधावर उभे होते.

पण आज या घडीला स्कॅनवरून बायपोलर का स्किझोफ्रेनिया हे कुणी सांगतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. तेच पैसे परभणी, संभाजीनगर, लातूर कुठंही चांगल्या डॉक्टरकडं जायच्या भाड्यात घाला अन सोबत जो माणूस घरात तुमची झोप बघतो त्याला घेऊन जा.

निघताना मॅडमनी माझ्या मेंदूचा एक फोटो मोबाईलवर दिला, मधोमध कापल्यासारखा, करडा-पांढरा, अक्रोडासारखा. घरी पोचलो तेव्हा माय ओसरीत बसली होती, पुढं नवा काळा दोरा. मी करदोटा दिला, तिनं मणी धुतला, ताईत हातात धरून जरा वेळ बघितला अन मणी तेवढा ओवला. ताईत देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. मी विचारलं नाही.

मग तिला फोटो दाखवला. मोबाईल लांब धरून, डोळे बारीक करून तिनं लई वेळ बघितला.

"यात कुठं हाय ते?"

"दिसत नाही माय."

"बरं." मोबाईल परत दिला. "गाडीत झोपला का रातच्याला?"

म्हणलं नाही, गर्दी होती, बीदरपर्यंत टेकायला पण जागा नव्हती. ती उठली, खिळ्याला अडकवलेला पेन घेतला अन जानेवारीच्या पानावर, दुधाच्या रेघांच्या बाजूला, कालच्या तारखेत "जा" लिहिलं.